नकळत घेतलेले छायाचित्र आणि मुलांचा विश्वास

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या की आपल्या सभासदांच्या घरोघरी एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. कोणी कोकणातून, कोणी गोव्याहून कुलदेवतेचे दर्शन घेऊन, तर कोणी थंड हवेच्या ठिकाणी चार दिवस राहून वडोदऱ्यास परतलेले असते. भेटीस आलेल्या पाहुण्यांपुढे चहाबरोबर प्रवासातील छायाचित्रेही येतात. पूर्वी त्यासाठी काळ्या पानांचा अल्बम कपाटातून निघत असे. आता मोबाईल हातोहात फिरतो.

या चित्रांत दोन जाती सहज ओळखू येतात. पहिल्या जातीत सर्व कुटुंब देवळाच्या पायऱ्यांवर ओळीने उभे असते. मुलांचे केस विंचरलेले, हात बाजूस ताठ, आणि सर्वांची दृष्टी कॅमेऱ्याकडे. दुसऱ्या जातीत कोपरापर्यंत आंब्याचा रस ओघळलेला मुलगा असतो; रेल्वेच्या बाकावर तान्ह्या बाळाला छातीवर घेऊन झोपी गेलेला बाप असतो; कोणी पाहत नाही अशा समजुतीने लुगडे किंचित उचलून लाटेत पाय भिजविणारी आजी असते. पहिल्या जातीच्या चित्रांवरून पाहुणे भराभर पुढे जातात. दुसऱ्या जातीचे चित्र आले की हात थांबतो, ओठांवर हसू येते आणि एखादी आठवण निघते. ज्यांचे चित्र आहे त्यांना आपले चित्र घेतले जात आहे याची जाणीव नव्हती, म्हणूनच ते इतके जिवंत उतरले, हे सर्वांनाच मनोमन पटते.

परंतु ज्या गोष्टीमुळे हे चित्र जिवंत होते, त्याच गोष्टीत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्याचे चित्र, त्याला न कळत ते घेणे योग्य आहे काय? आणि तो मनुष्य म्हणजे आपलेच मूल असेल, तर हा प्रश्न उरतो की संपतो? या प्रश्नाचा येथे थोडा विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न आपल्या पणजोबांना पडला नसता, कारण तो पडण्याजोगी साधनेच त्यांच्या काळी नव्हती. १८३९ साली छायाचित्रणाची कला जगापुढे आली, तेव्हा चित्र उमटावयास कित्येक मिनिटे लागत आणि बसणाऱ्याचे डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार देत. अशा स्थितीत नकळत चित्र घेणे ही गोष्टच अशक्य होती. पुढे काच अधिक संवेदनशील झाली, तरीही चित्र काढविणे म्हणजे आपण होऊन स्टुडिओत जाणे, कपडे ठीक करणे आणि ‘आता हलू नका’ ही आज्ञा पाळणे हेच होते. इंदूर येथे बांधकाम खात्यात नोकरी करीत असता या कलेकडे वळलेले आणि पुढे हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झालेले राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला आणि त्याची व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे सोपविली. चित्र घेणारा कोण असावा, ते कोठे घ्यावे, पाहणारे कोण असावे, याविषयी बसणाऱ्या व्यक्तीच्या मर्यादेचा तेथे आधी विचार झाला होता. त्या पडद्याच्या प्रथेविषयी आपले मत काहीही असो. संमती ही तेव्हा चित्रणाची पहिली पायरी होती, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

ही पायरी यंत्राने मोडली. १८८८ साली अमेरिकेत कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा निघाला. त्यातील फितीवर शंभर चित्रे घेता येत, आणि ती संपली की सबंध कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा असे. १९०० साली त्याच कंपनीचा एक डॉलर किमतीचा ‘ब्राउनी’ निघाला आणि कॅमेरा मुलांच्याही हाती गेला. १९२५ साली जर्मनीतील लायका कॅमेरा आला. तो इतका लहान व चपळ होता की समोरच्यास कळण्यापूर्वी चित्र घेऊन झालेले असे. त्याच सुमारास सुट्टी ही वस्तूही सर्वसामान्यांच्या आटोक्यात येऊ लागली. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३८ साली, आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी पॅरिसजवळच्या एका नदीकाठी सुट्टीच्या दिवशी खातपीत बसलेल्या साध्या माणसांचे एक चित्र घेतले. मंडळी बहुतेक पाठमोरी आहेत, समोर संथ पाणी आहे, आणि आपणांस कोणी पाहत आहे याची कोणासही दाद नाही. विश्रांती म्हणजे काय, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने ते चित्र पाहावे.

हेच कार्तिये-ब्रेसाँ आपल्या कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकून ठेवीत, हेतू हा की त्याकडे कोणाचे लक्ष जाऊ नये. येथे आपल्या मराठीतील एक शब्द विचार करण्याजोगा आहे. चित्र ‘टिपले’ असे आपण म्हणतो. पक्षी दाणा टिपतो, तेव्हा तो आपले पोषण करतो आणि शेताचे फारसे काही जात नाही. शिकारीही सावज टिपतो. आणि तेथे मात्र एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याचा घात असतो. नकळत चित्र टिपणारा या दोहोंपैकी कोण, हे त्याच्या हातातील यंत्रावरून ठरत नाही.

मग ते कशावरून ठरते? एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील मार्टिन पार या छायाचित्रकाराने १९८३ ते १९८५ या काळात लिव्हरपूलजवळील न्यू ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी सुट्टीसाठी आलेल्या कुटुंबांची रंगीत चित्रे घेतली आणि १९८६ साली ती ‘द लास्ट रिसॉर्ट’ या नावाने पुस्तकरूपाने आणली. त्यांत गर्दी आहे, सांडलेला कचरा आहे, आइस्क्रीमने बरबटलेली मुले आहेत, रडणारी बाळे आणि थकलेल्या आया आहेत. ती प्रदर्शनात मांडली गेली तेव्हा पाहणाऱ्यांत दोन तट पडले. बऱ्या स्थितीतील एका मनुष्याने गरिबांच्या सुट्टीची केलेली ही टवाळी आहे, असे काहींनी म्हटले. इतरांनी म्हटले की पार त्याच परिसरात राहत होते आणि जे होते तेच त्यांनी दाखविले. कचऱ्यातही ही माणसे मुलांना घेऊन आनंद शोधीत आहेत, हे पाहणाऱ्यास दिसत नसेल तर तो दोष पाहणाऱ्याचा. या वादाचा निकाल येथे लावण्याचे कारण नाही. आपल्यापुरता बोध एवढाच की चित्र खरे असणे ही एक गोष्ट आणि ते न्याय्य असणे ही दुसरी गोष्ट होय. तेच चित्र कोणी, कोणास, कोणत्या शब्दांनिशी दाखविले, यावर ते आपुलकीचे ठरते किंवा उपहासाचे.

हे सारे परक्या माणसांच्या चित्रांविषयी झाले, आपल्या घरच्या मुलांना ते कसे लागू पडावे, असे वाचक म्हणतील. आम्हीही असेच म्हणत होतो. आमच्याच हातून घडलेली चूक येथे सांगितल्यावाचून पुढील विचार प्रामाणिक ठरणार नाही, म्हणून ती सांगतो.

मागील वर्षी मे महिन्यात आम्ही सहकुटुंब गोव्यास गेलो होतो. कवळ्यास श्रीशांतादुर्गेचे दर्शन आटोपून दुसऱ्या दिवशी मुलांना समुद्र दाखवावयास नेले. आमचा नातू नऊ वर्षांचा. समुद्र त्याने प्रथमच पाहिला. धाकटी बहीण लाटांत नाचत असता तो मात्र पहिलीच लाट पायांशी फुटताच भ्याला, आईच्या कमरेस मिठी मारून मोठमोठ्याने रडू लागला. आम्ही मागे सुरूच्या झाडांखाली बसलो होतो. मोबाईल हाती होताच. ओल्या पदरात अर्धे लपलेले त्याचे तोंड, मागे उसळलेला फेस, आणि पलीकडे हसणारी बहीण. चित्र इतके सुरेख आले की आम्ही स्वतःवरच खूश झालो. संध्याकाळी अग्रशाळेत परतल्यावर ‘आमचे दर्यावर्दी’ अशी ओळ लिहून ते नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठविले. रात्रीपर्यंत चाळीसेक मंडळींचे हास्य गोळा झाले.

मुलास हे दुसऱ्या दिवशी समजले. एका चुलत भावंडाने फोनवरच ‘काय दर्यावर्दी!’ म्हणून हाक मारली. तो काही वेळ गप्प होता. मग आमच्याजवळ येऊन त्याने इतकेच विचारले, “आजोबा, मी रडत होतो ना, तेव्हा तुम्ही फोटो काढत होतात?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. ‘टिपणे’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आपल्या भाषेत आहे, तो त्या क्षणी आम्हांस आठवला. रडणाऱ्याचे डोळेही आपण टिपतो. मुलाचे डोळे टिपावयाचे सोडून आम्ही त्याचे चित्र टिपीत बसलो होतो. ते चित्र आम्ही लगेच पुसून टाकले, गटावरूनही काढले. परंतु ज्यांनी ते आपापल्या मोबाईलमध्ये साठविले होते, त्यांच्याकडून ते परत कसे आणावे? अल्बमातील चित्र निदान कपाटात कुलूपबंद राहत असे. हे चित्र मात्र सुटलेल्या बाणासारखे गेले. प्रवासाच्या उरलेल्या दिवसांत आम्ही मोबाईल वर केला की नातू तोंड फिरवी. त्या दिवसांची त्याची जी चित्रे आमच्यापाशी आहेत, त्या सर्वांत केवळ त्याची पाठ आहे.

त्या पाठमोऱ्या चित्रांनी आम्हांस पुष्कळ शिकविले. आजपर्यंत आम्ही समजत होतो की नकळत घेतलेले चित्र सुंदर येते ते आमच्या चपळाईमुळे. ते तसे नव्हे. एखादा अनोळखी मनुष्य कॅमेरा घेऊन उभा राहिला तर मूल बुजते, आखडते, खोटे हसते. आपल्यासमोर ते मनमोकळे रडते, लोळते, वेडावून दाखविते, कारण आपण जवळ असता सावध राहण्याचे कारण नाही असे त्यास वाटते. म्हणजे ज्या निर्धास्तपणाचे चित्र आपण घेतो, तो निर्धास्तपणा मुलाने आपल्यावर टाकलेल्या विश्वासातून आलेला असतो. ते चित्र आपण मिळविलेले नसते. ते मुलाने न मागता, न कळत आपल्या हाती सोपविलेले असते. आणि जे विश्वासाने सोपविलेले असते, त्यास आपल्याकडे ठेव म्हणतात. ठेव सांभाळावयाची असते, उधळावयाची नसते.

संस्थेच्या सभासदांना विश्वस्त या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अज्ञान वारसाची मिळकत ज्याच्या हाती असते त्याने ती वापरू नये असे नाही. पण ती आपली नव्हे हे त्याने क्षणभरही विसरू नये, आणि वारस सज्ञान झाला की हिशेब द्यावा लागणार आहे हे ध्यानात ठेवून प्रत्येक व्यवहार करावा. मुलाच्या बालपणाची चित्रे ही तशीच मिळकत आहे. विसाव्या वर्षी हा मुलगा आपल्यापुढे येऊन ‘माझी कोणती चित्रे कोणाकोणास दिलीत?’ असे विचारील, तेव्हा आपली वही स्वच्छ असावी.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की प्रत्येक वेळी विचारून चित्र घ्यावयाचे म्हटल्यास सहजता उरणारच नाही, ‘घेऊ का?’ म्हणताच मूल केस सारखे करील आणि पुन्हा ते पायऱ्यांवरचे ताठ चित्र मिळेल. आक्षेप खरा आहे. म्हणूनच घेणे, ठेवणे आणि दाखविणे या तीन क्रिया वेगळ्या मानाव्या असे आमचे म्हणणे आहे. घरच्या माणसाने आनंदाच्या वा खेळाच्या क्षणी नकळत चित्र घेतले तर त्यात काही अधर्म नाही. पण घेतल्यावर ते मुलास दाखवावे आणि ‘हे ठेवू का?’ असे विचारावे. घराबाहेर कोणास पाठवावयाचे झाल्यास पुन्हा एकदा विचारावे. सहजता चित्र घेताना हवी असते. नंतर विचारल्याने ती नाहीशी होत नाही. आणि मूल भ्यालेले, आजारी, उघडे वा लज्जित असता प्रथम यंत्र खाली ठेवून त्याच्याजवळ जावे, हा नियम चित्र घेण्याच्याही आधीचा आहे.

दुसरा आक्षेप असा की लहान मुलास काय कळते? त्याच्या होकार-नकारास अर्थ तो किती? याचे उत्तर आम्ही असे देऊ की मुलाचा नकार पुरेसा आहे, परंतु मुलाचा होकार पुरेसा नाही. ‘नको’ म्हणावयास मोठी समज लागत नाही. आपणांस लाज वाटते हे चार वर्षांच्या मुलासही कळते, आणि तेवढ्यावर आपण थांबले पाहिजे. ‘हो’ म्हणताना मात्र त्यास पुढील परिणाम दिसत नसतात. ते दिसणे हे आपले काम. म्हणून त्याने हो म्हटले तरी त्याच्या वतीने दूरवर पाहून आपण स्वतःस नाही म्हणावे, असे प्रसंग येतात.

कायदा या बाबतीत कोठवर येतो तेही पाहावे. बालकांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९८९ सालचा. त्यात मुलांच्या खाजगी जीवनात मनमानी हस्तक्षेप होऊ नये असे कलम आहे आणि भारताने तो १९९२ साली मान्य केला. २०१७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली व्यक्तींच्या माहितीच्या रक्षणासाठी जो कायदा संसदेने केला, त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. परंतु मनुष्य स्वतःच्या वा घरगुती कारणासाठी जे करतो त्यास तो लागू नाही. फ्रान्सने २०२४ साली याहून एक पाऊल पुढे टाकले. मुलाच्या प्रतिमेचे रक्षण आईबापांनी मिळून करावे आणि मुलाच्या वयास व समजेस अनुसरून त्यासही विचारात घ्यावे, असे तेथील कायद्यात आले आहे. आपल्याकडे कायदा उंबरठ्यापाशी थांबतो. तो थांबतो हे एका परीने योग्यच; प्रत्येक घरात शिपाई यावा असे कोणास वाटेल? पण जेथे कायदा थांबतो तेथे मोकळीक सुरू होत नाही, धर्म सुरू होतो.

आणि हा धर्म आपल्या मुलांपाशी संपत नाही. सुट्टीत आपण ज्या गावी जातो, तेथेही कोणाची तरी मुले असतात. होडीच्या सावलीत खेळणारी कोळ्यांची पोरे, देवळाबाहेर फुले विकणारी मुलगी, यांची चित्रे आपण किती सहज घेतो! आपल्या मुलाचे चित्र परक्याने असे घेतले तर आपण त्यास हटकू. तोच न्याय त्यांच्या आईबापांसही आहे. या ठिकाणी होमाई व्यारावाला यांचे स्मरण होते. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या या बाईंचा जन्म १९१३ साली नवसारीस झाला आणि त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे आपल्या या वडोदऱ्यात गेली. येथेच २०१२ साली त्या निवर्तल्या. थोरामोठ्यांची अनेक सहज चित्रे त्यांनी घेतली. असे असता १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, आणि नव्या छायाचित्रकारांच्या वागण्यातील मर्यादा सुटत चालल्याची खंत पुढे बोलून दाखविली. ज्यांचा चरितार्थ या कलेवर चालला त्यांना जी मर्यादा पाळाविशी वाटली, ती केवळ हौसेखातर चित्रे घेणाऱ्या आपणांस जड का वाटावी?

मर्यादेची ही कल्पना मुलांस परकी नाही, हेही आम्ही पाहिले आहे. अनेक देवस्थानांत गर्भगृहाचे छायाचित्र घेण्यास मनाई असते. मुले तो नियम विनातक्रार पाळतात. तेथे देवापुढे उभे राहून पाहावयाचे असते, घेऊन जावयाचे नसते, हे त्यांना सांगावे लागत नाही. मनुष्याच्या मनातही असे एक गर्भगृह असते, आणि मूल लहान म्हणून ते लहान नसते.

आमच्या नातवाचे पुढे काय झाले, हे सांगून हा लेख पुरा करतो. परतीच्या प्रवासात गाडीत आमचा डोळा लागला. जाग आली तेव्हा तो आईचा मोबाईल घेऊन समोर उभा होता. चष्मा नाकावर घसरलेला, तोंड उघडे, मान खिडकीस टेकलेली, असे आमचे ध्यान त्याने टिपले होते. ते आम्हांस दाखवून त्याने विचारले, “ठेवू का, आजोबा?” आम्ही म्हटले, “ठेव.” त्याने पुन्हा विचारले, “गटावर पाठवू?” आम्ही क्षणभर विचार केला आणि नको म्हटले. त्याने मान डोलावली आणि मोबाईल आईस परत दिला. ते चित्र आजही केवळ त्याच्यापाशी आहे, आणि ते सुरक्षित आहे याविषयी आमच्या मनात यत्किंचितही शंका नाही. आमच्या हाती असलेल्या त्याच्या चित्रांविषयी त्यासही तसेच वाटावे, इतके वागणे आमच्याकडून होवो.